गलका आणि लोकमत

क्रिकेटचा किंवा फुटबॉलचा मोठा सामना मैदानावर संपला, तरी लोकांच्या तोंडी तो पुढे कित्येक तास चालूच असतो. पूर्वी हा उत्तररंग चाळीच्या गॅलरीत, गिरणीतल्या जेवणाच्या सुट्टीत, इराण्याच्या हॉटेलात किंवा वाचनालयाच्या पायरीवर रंगे आणि तेथेच विरून जाई. आता तो समाजमाध्यमांवर लिहिला जातो. लिहिलेले मागे उरते, आणि जे उरते ते मोजता येते. म्हणूनच गेल्या पंधरा-वीस वर्षांत एक नवी विद्या आणि तिच्या पाठोपाठ एक नवा धंदा उदयास आला आहे. सामन्याविषयी लोकांनी लिहिलेले लाखो संदेश गोळा करावयाचे, संगणकाकडून त्यांतील आनंद, राग, निराशा आणि द्वेष निरनिराळे काढावयाचे, आणि त्यांचा एक नकाशा लोकांपुढे ठेवावयाचा. हिरवा रंग खुशीचा, तांबडा रागाचा. अमुक षटकात देश हिरवा होता, अमुक झेल सुटला आणि देश तांबडा झाला, असे हा नकाशा सांगतो.

या नकाशात जे दिसते ते लोकांचे मन आहे काय, हा आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे. तो केवळ करमणुकीचा नाही. अशा नकाशांवरून जाहिरातदार खेळाडूंचा भाव ठरवितात, वृत्तवाहिन्या ‘देश संतापला’ असे मथळे देतात, आणि एखाद्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर साऱ्या देशाचा राग नेऊन ठेवला जातो. आम्ही कामगार चळवळीत वाढलेली माणसे. गेटसभेत पुढे उभे राहून मूठ वळून घोषणा देणारे पन्नास असतात, आणि मागे डबा हातात धरून गप्प उभे राहणारे पाचशे. संप टिकणार की फुटणार हे त्या पाचशांवर ठरते. घोषणांचा आवाज मोजून ज्याने संप पुकारला, त्याची फजिती झाल्यावाचून राहत नाही. लोकमताच्या मोजमापाकडे आम्ही पाहतो ते या अनुभवाच्या चष्म्यातून.

प्रथम आपल्याच मुंबईकडे पाहू. १९०७ साली युरोपियन, पारशी आणि हिंदू यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ साली मुसलमानांचा संघ आला आणि ती चौरंगी झाली. १९३७ साली ‘इतर’ या नावाने पाचवा संघ आला आणि ती पंचरंगी झाली. जातिधर्माच्या नावाने खेळल्या जाणाऱ्या या सामन्यांइतकी गर्दी त्या काळी दुसऱ्या कोणत्याही खेळाला होत नसे. हिंदूंच्या संघाचा आधारस्तंभ होते चर्मकार समाजात जन्मलेले गोलंदाज बाळू पाळवणकर. १९११ साली भारतीय संघाबरोबर विलायतेस जाऊन त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले होते. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. पुढे १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे ते आले, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांना हरविले.

बाळू आणि विठ्ठल यांच्या कर्णधारपदाचा वाद मुंबईच्या वृत्तपत्रांत गाजला. वाचकांची पत्रे येत, संपादक त्यांतील निवडक छापीत. त्या काळचा लोकभावनेचा नकाशा म्हणजे ही पत्रे. परंतु तो कोणी काढलेला होता? १९२१ साली आपल्या देशात शंभरात दहा माणसांनाही अक्षरओळख नव्हती. ज्यांना होती त्यांतून इंग्रजी पत्र लिहिणारे किती, आणि लिहिलेल्यांतून छापली गेलेली पत्रे किती, याचा विचार करावा. बाळूंचा चेंडू वळताना पाहावयास मैदानाच्या कडेला जो हमाल, जो बिगारी, जो गिरणीवाला उभा राही, त्याचे पत्र त्या पानांवर नाही. आज इतिहासकार ती पाने उलटतात आणि त्यांतून त्या काळचे मन वाचतात. वाचू द्यावे; पण ते लिहिणाऱ्यांचे मन होते, पाहणाऱ्यांचे नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे.

याच स्पर्धेने आणखी एक धडा दिला. जातवार क्रिकेट बंद व्हावे, असे मत महात्मा गांधींनी डिसेंबर १९४० मध्ये जाहीरपणे मांडले. ठराव झाले, अग्रलेख आले. तरीही स्पर्धा १९४६ पर्यंत चालली, आणि ब्रेबोर्न स्टेडियमवर प्रेक्षकांची रीघ लागतच राहिली. १९४३ च्या अंतिम सामन्यात ‘इतर’ संघाच्या एका डावातील ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्या विजय हजाऱ्यांनी काढल्या, त्या याच स्पर्धेत. म्हणजे सभेतील लोकमत एक आणि तिकिटाच्या खिडकीवरचे लोकमत दुसरे. यांतील खरे कोणते, असे विचारणाराच फसतो. सकाळी ठरावाला हात वर करणारा माणूस दुपारी तिकिटाच्या रांगेत उभा असू शकतो. माणसाचे मन एकसुती नसते, आणि कोणत्या वेळी, कोणत्या जागी, कोणापुढे ते विचारले, यावर उत्तर बदलते.

लोकमत शास्त्रीय रीतीने मोजण्याचा खटाटोप साधारण याच सुमारास सुरू झाला. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना पत्रिका पाठविल्या. वीस लाखांहून अधिक उत्तरे परत आली.  त्यावरून साप्ताहिकाने लँडन निवडून येणार असे भाकीत केले, आणि प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. कारण उघड होते. ज्यांची नावे घेतली होती ती टेलिफोनधारकांच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतली होती. मंदीच्या त्या वर्षांत ज्याच्या घरी टेलिफोन नाही, मोटार नाही, त्याला कोणी विचारलेच नव्हते. शिवाय ज्यांनी उत्तर धाडण्याची तसदी घेतली ते अधिक चिडलेले होते. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी थोडी, पण निरनिराळ्या थरांतून निवडलेली माणसे विचारून विजयी उमेदवार अचूक सांगितला. ढीग मोठा असला म्हणजे तो खरा असतो, ही समजूत त्या वर्षी मोडली. निदान मोडावयास हवी होती.

दुसऱ्याच वर्षी, १९३७ साली, इंग्लंडात ‘मास ऑब्झर्वेशन’ ही संस्था निघाली. टॉम हॅरिसन, चार्ल्स मॅज आणि हम्फ्री जेनिंग्ज हे तिचे प्रवर्तक. हॅरिसन आणि त्यांचे सहकारी बोल्टन या गिरण्यांच्या गावी जाऊन राहिले. आमच्या गिरणगावच्या माणसाला ते गाव परके वाटू नये. तेथेही धोटा, तेथेही भोंगा, तेथेही तंतूंनी भरलेली हवा. या मंडळींची रीत वेगळी होती. लोक काय म्हणतात एवढ्यावर न थांबता लोक काय करतात तेही पाहावयाचे. दारूच्या गुत्त्यात कोण कोणाशी बोलतो, फुटबॉलवर पैसे लावणारा माणूस कूपन कसे भरतो, हे त्यांचे निरीक्षक टिपून ठेवीत. बोलणे आणि वागणे यांत अंतर असते, हे कामगार वस्तीत राहून त्यांनी ओळखले होते. ही रीत महाग आणि सावकाश होती, म्हणून पुढे ती मागे पडली. मोजणे स्वस्त झाले की पाहणे महाग वाटू लागते, असा या विद्येचा एकंदर इतिहास आहे.

यानंतर संगणक आला. शब्दांवरून मजकुराचा कल ओळखणारी ‘जनरल इन्क्वायरर’ ही पद्धत हार्वर्ड विद्यापीठात फिलिप स्टोन यांनी १९६० नंतरच्या दशकात सिद्ध केली. तिच्यावरील ग्रंथ १९६६ साली निघाला. २००२ साली बो पांग, लिलियन ली आणि शिवकुमार वैद्यनाथन यांनी चित्रपटांच्या परीक्षणांवरून अनुकूल कोणते आणि प्रतिकूल कोणते हे यंत्राला शिकवून दाखविले. २००६ साली ट्विटर सुरू झाले. त्यावर १४० अक्षरांत बोलावयाचे असे. २०१७ साली ही मर्यादा २८० झाली. लहान, तारीखवार आणि सर्वांना उघडे असे संदेश कोट्यवधींनी मिळू लागले, तेव्हा मोजणाऱ्यांना जणू खाणच सापडली.

या खाणीत काम कसे चालते, हे एका उदाहरणावरून समजेल. अमेरिकेतील व्हर्मॉन्ट विद्यापीठाच्या पीटर डॉड्स आणि ख्रिस डॅनफोर्थ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह २०११ साली एक आनंदमापक प्रसिद्ध केला. त्यासाठी १०,२२२ इंग्रजी शब्द निवडले आणि प्रत्येक शब्द पन्नास माणसांकडून १ ते ९ या पट्टीवर तोलून घेतला. ‘हसू’ या अर्थाच्या शब्दाला ८.५० गुण पडले, ‘दहशतवादी’ या अर्थाच्या शब्दाला १.३०. मग दिवसभराच्या संदेशांतील शब्दांची सरासरी काढली की त्या दिवसाचा आनंदांक मिळतो. युक्ती साधी आणि सुबक आहे. पण पन्नास माणसांनी तोलले म्हणजे कोणी तोलले? हे शब्द तोलणारे लोक ॲमेझॉन कंपनीच्या ‘मेकॅनिकल टर्क’ या बाजारातून घेतलेले होते. तेथे नगावर मजुरी मिळते. इतके शब्द तपासले, इतके सेंट. ना हजेरीपट, ना रजा, ना मुकादमाचे तोंड दिसते. यंत्राने लोकांचे मन ओळखले असे आपण म्हणतो, तेव्हा त्या यंत्राच्या पोटात नगावर काम करणारा एक मजूर बसलेला असतो, आणि त्याची भाषा, त्याचा थकवा, त्याची घाई ही सारी त्या मापात उतरलेली असते. चातीवरचे सूत पाहून कातणारा ओळखावा, तसे या मापाकडे पाहावे लागते.

आता खेळाच्या भाषेची अडचण पाहा. आपण मराठी माणसे क्रिकेटविषयी कसे बोलतो? फलंदाजाने गोलंदाजांना धुतले, चोपले, त्यांची पिसे काढली. गोलंदाजाने त्रिफळा उडविला, बळी घेतला, शेपूट कापून काढले. ही सारी हाणामारीची आणि कत्तलीची भाषा, आणि ती वापरणारा आनंदाने न्हाऊन निघालेला असतो. शब्दाला गुण देणारे यंत्र या आनंदोत्सवावर तांबडा शिक्का मारील. उलट झेल सोडणाऱ्याला आपण ‘वा, वा, काय हात आहेत!’ असे म्हणतो. त्यातला खोचकपणा कानाला कळतो, कागदाला कळत नाही. त्यात पुन्हा मराठी वाक्य रोमन लिपीत, मध्ये हिंदी शिवी, शेवटी इंग्रजी उद्गार, असा आजचा आपला लिहिण्याचा थाट. पुण्याच्या ‘एल-थ्री-क्यूब’ या गटाने २०२१ साली सुमारे १६,००० मराठी ट्विटांवर माणसांकडून अनुकूल, प्रतिकूल आणि तटस्थ अशा खुणा करवून घेऊन त्यांचा संग्रह अभ्यासकांना खुला केला, हे मोठे उपयोगाचे काम झाले. इंग्रजीच्या मापाने मराठी मन मोजण्यापेक्षा ते शतपटीने बरे. तरीही पाहावयास हवे की, ती ट्विटे महाराष्ट्रातील नामांकित व्यक्तींच्या खात्यांवरून घेतलेली होती. क्रिकेटच्या निकालानंतर नाक्यावरच्या पोराने रात्री साडेअकरा वाजता लिहिलेले वाक्य हा अगदी वेगळा माल आहे.

शिवाय लिहिणारे किती, हा जुनाच प्रश्न येथेही उभा राहतो. अमेरिकेतील ‘प्यू’ या संशोधन संस्थेने २०१९ साली असे दाखविले की, तेथील प्रौढ वापरकर्त्यांच्या एकूण ट्विटांपैकी ८० टक्के ट्विटे केवळ १० टक्के लोक लिहितात. म्हणजे आमच्या गेटसभेचे गणित पुन्हा आलेच. पुढचे पन्नास घोषणा देत आहेत आणि मागचे पाचशे डबा धरून उभे आहेत. १९३६ सालच्या त्या साप्ताहिकाची चूक आज कोट्यवधी पटीने मोठ्या ढिगावर नव्याने करता येते.

आणि माध्यम हे नुसते कान नव्हे, ते तोंडही आहे. नोव्हेंबर १९६९ मध्ये ब्रेबोर्नवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी चालू होती. अजित वाडेकर आणि वेंकटराघवन डाव सावरीत असता पंचांनी वेंकटला यष्टीमागे झेलबाद दिले. तो बाद नव्हता असे आकाशवाणीच्या समालोचकाच्या बोलण्यातून निघाले. स्टँडमध्ये लोकांच्या कानाशी ट्रान्झिस्टर होते. क्षणात बाटल्या सुटल्या, खुर्च्या मोडल्या, आगी लागल्या. त्या दिवशीचा राग लोकांचा खराच होता. पण ट्रान्झिस्टर नसता तर तो त्या क्षणी, त्या मापाने उसळला असता काय? आजचे समाजमाध्यम तर याहून पुढचे आहे. कोणता संदेश कोणाला आधी दाखवावयाचा हे ते स्वतः ठरविते, आणि ज्यावर लोक तुटून पडतात तो ते अधिक लोकांपुढे धरते. नंतर त्याच गर्दीचे मोजमाप घेऊन आपण म्हणतो, लोक संतापले. फुंकर कोणाची आणि विस्तव कोणाचा, हे नकाशात दिसत नाही.

इतके सांगितल्यावर कोणी म्हणेल की ही विद्याच टाकाऊ आहे. आमचे मत तसे नाही. नीट प्रश्न विचारला तर हीच विद्या मोलाचे उत्तर देते. याचे उत्तम उदाहरण इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये सापडते, म्हणून आता क्षणभर तिकडे वळू.

११ जुलै २०२१ रोजी वेम्बलीच्या मैदानावर युरोपीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला. इंग्लंड आणि इटली बरोबरीत राहिले आणि पेनल्टीवर इटली ३-२ असे जिंकले. इंग्लंडचे रॅशफर्ड, सँचो आणि साका या तिघांच्या पेनल्टी हुकल्या. तिघेही कृष्णवर्णीय; साका तर अवघा एकोणीस वर्षांचा. त्या रात्री त्यांच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा वर्षाव झाला. मँचेस्टरमधील विथिंग्टन येथे रॅशफर्डचे भित्तिचित्र होते, ते विद्रूप करण्यात आले; आणि दुसऱ्याच दिवसापासून लोकांनी त्यावर प्रेमाच्या चिठ्ठ्या आणून चिकटविल्या, इतक्या की डाग झाकले गेले. ट्विटरने पुढे जाहीर केले की, सामना चालू असताना आणि नंतरच्या चोवीस तासांत मिळून १,६२२ ट्विटे काढून टाकली, आणि कायमची बंद केलेल्या खात्यांपैकी ९९ टक्के खात्यांच्या मालकांची ओळख पटण्याजोगी होती. बुरख्याआडचे अनामिक गुंड शिव्या देतात, ही सर्वांची लाडकी समजूत त्यामुळे डळमळली. शिव्या देणारे बहुतेक उघड्या तोंडाने देत होते.

यानंतर तेथील ‘ऑफकॉम’ या नियामक संस्थेसाठी ॲलन ट्युरिंग इन्स्टिट्यूटने एक पाहणी केली. ती ऑगस्ट २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रीमियर लीगच्या २०२१-२२ च्या हंगामातील पहिल्या पाच महिन्यांत खेळाडूंना उद्देशून लिहिलेली २३ लाख ट्विटे तपासली गेली. त्यांतील ३,००० ट्विटे माणसांनी स्वतः वाचली. या तीन हजारांत ५७ टक्के अनुकूल होती, २७ टक्के तटस्थ, १२.५ टक्के टीकेची आणि ३.५ टक्के शिवीगाळीची. येथे टीका आणि शिवी यांचे दोन वेगळे खण केले, हे या पाहणीचे पहिले पुण्य. पैसे मोजून सामना पाहणाऱ्याला ‘आज भिकार खेळलास’ असे म्हणण्याचा हक्क आहे. त्याची जात, वर्ण किंवा आई काढण्याचा नाही.

आता हा नकाशा रंगविला तर तो हिरवागार दिसेल. शंभरात साडेतीन शिव्या म्हणजे काय मोठे, असे कोणीही म्हणेल. परंतु पाहणी तेथे थांबली नाही. या शिव्या कोणावर पडतात, असे तिने पुढे विचारले. २३ लाखांत यंत्राला सुमारे ६०,००० शिव्या सापडल्या. ६१८ पैकी ४१८ खेळाडूंना, म्हणजे शेकडा ६८ जणांना, निदान एक तरी शिवी मिळाली होती. चौदांतील एकाला रोज मिळत होती. आणि एकूण शिव्यांपैकी निम्म्या केवळ बारा खेळाडूंवर पडल्या होत्या. आम्ही आमचा ढोबळ हिशेब केला. निम्म्या म्हणजे तीस हजार, बारांत वाटल्या की प्रत्येकी अडीच हजार, आणि साडेपाच महिन्यांच्या त्या काळात रोज पंधराच्या आसपास. सकाळी उठून पंधरा शिव्या वाचावयाच्या आणि सरावाला जावयाचे, हा ज्याचा नेम, त्याला ‘एकंदर वातावरण अनुकूल आहे’ हे वाक्य कसे लागत असेल?

कारखान्यात हेच असते. वर्षअखेरीस व्यवस्थापक अहवालात लिहितो की हजार कामगारांमागे अपघात अत्यल्प. ते खरेही असते. पण ते अपघात सगळे एकाच खात्यात, एकाच प्रेसवर, त्याच चार बदली कामगारांच्या बोटांवर झालेले असतात. सरासरी काढली की बोटे दिसेनाशी होतात. म्हणून युनियनचा माणूस अहवालाचा शेवटचा आकडा आधी वाचत नाही. तो खातेवार तक्ता मागतो. भावनांच्या नकाशालाही हाच नियम लावला पाहिजे. लोकांचे मन कसे आहे, एवढेच न विचारता त्या मनाचा भार कोणाच्या डोक्यावर पडतो, हे विचारावयास हवे.

त्याच पाहणीतील आणखी एक गोष्ट लक्षात राहण्यासारखी आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये मँचेस्टर युनायटेड संघ शहरातील प्रतिस्पर्ध्याकडून हरला. कर्णधार हॅरी मॅग्वायर याने दुसऱ्या दिवशी चाहत्यांची माफी मागणारा संदेश लिहिला, आणि त्या दिवशी शिव्यांचा वाटा नेहमीच्या कितीतरी पट वर चढला. माफीने लोक शांत होतात, हा घराघरांतला अनुभव. समोरासमोर तो खरा आहे. जेथे समोर माणूसच दिसत नाही तेथे माफी म्हणजे नवे निशाण ठरते.

आता पुन्हा आपल्या घरी येऊ. आपल्याकडे हा भार वाहणारे कोण? २००३ साली विश्वचषकात संघ ऑस्ट्रेलियाकडून हरला तेव्हा अलाहाबादेत मोहम्मद कैफच्या घराला काळे फासले गेले. २००७ साली बांगलादेशाकडून हार झाली तेव्हा रांचीत महेंद्रसिंग धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर जमाव चालून गेला. तेव्हा रागाला निदान घरापर्यंत चालत जावे लागत असे. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत पाकिस्तानने आपल्याला दहा गडी राखून हरविले. हरले अकरा जण. शिव्या वेचून पडल्या मोहम्मद शमीवर, आणि त्या त्याच्या धर्माच्या नावाने. कर्णधार विराट कोहली याने काही दिवसांनी वार्ताहरांसमोर सहकाऱ्याची उघड बाजू घेतली, तर शिव्यांचा मोर्चा त्याच्या कुटुंबाकडे वळला. ४ सप्टेंबर २०२२ रोजी आशिया चषकात, पुन्हा दुबईत आणि पुन्हा पाकिस्तानविरुद्ध, अर्शदीप सिंगकडून एक झेल सुटला. तेवीस वर्षांच्या त्या मुलाला त्याच्या पंथावरून फुटीर ठरविण्यात आले. झेल तर साऱ्यांकडून सुटतात. चूक एकाच मापाची असता तिची शिक्षा नावावरून ठरते, हे या दोन्ही प्रसंगांत दिसले. ज्या वर्षी विठ्ठल पाळवणकर कर्णधार झाले त्यानंतर शंभर वर्षांनीही खेळाडूचे नाव खेळाच्या आधी वाचले जात असेल, तर त्या शंभर वर्षांचा हिशेब मागावयास हवा.

मात्र येथेही दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. शमी आणि अर्शदीप यांच्या बाजूने लिहिणाऱ्यांचा ओघ मोठा होता. सचिन तेंडुलकरपासून अनोळखी शाळकरी मुलांपर्यंत लोक शमीच्या पाठीशी उभे राहिले. विथिंग्टनच्या भिंतीवरच्या चिठ्ठ्यांचीच ती जात. ही माणसे खरी आहेत, आणि बहुधा संख्येने अधिक आहेत. परंतु त्यांच्या चांगुलपणाने शिवीचा आकडा सरासरीत बुडाला, म्हणून ज्याच्या वाट्याला शिवी आली त्याच्या मनातून ती पुसली गेली असे होत नाही.

मग उपाय काय? इंग्लंडच्या खेळाडूंनी एक उपाय करून पाहिला, आणि त्यामागे मोठा इतिहास आहे. १९०१ साली तेथे नियम झाला की कोणत्याही फुटबॉलपटूला आठवड्याला चार पौंडांहून अधिक वेतन द्यावयाचे नाही. १९०७ साली मँचेस्टरमध्ये बिली मेरेडिथ आणि चार्ली रॉबर्ट्स यांच्या पुढाकाराने खेळाडूंची युनियन स्थापन झाली. ही वेतनमर्यादा उठवावयास १९६१ साल उजाडावे लागले. तेव्हा ती वीस पौंडांवर आली होती आणि जिमी हिल हे युनियनचे अध्यक्ष होते. खेळाडूंनी संपाची तयारी केली तेव्हा कोठे मालक नमले. त्याच युनियनने पुढे वर्णद्वेषी शिव्यांविरुद्ध एप्रिल २०१९ मध्ये एक दिवस समाजमाध्यमांवर मौन पाळावयास खेळाडूंना सांगितले. ३० एप्रिल ते ३ मे २०२१ या काळात तर खेळाडू, क्लब, लीग आणि इतर खेळांच्याही संस्था अशा साऱ्यांनी मिळून चार दिवस मौन पाळले. आमच्या भाषेत हा लेखणीबंद संप. भावनांच्या नकाशावर त्या चार दिवसांत या मंडळींची जागा कोरी राहिली. त्या कोऱ्या जागेचा अर्थ यंत्राला लावता आला नाही; वाचणाऱ्या माणसाला तो लागला. त्यानंतर जुलैची ती काळी रात्र आलीच, म्हणून मौन फुकट गेले असे कोणी म्हणेल. पण १९०७ ची युनियनही १९६१ पर्यंत फुकटच गेली, असेच मग म्हणावे लागेल. पुढे २०२२ च्या विश्वचषकाच्या वेळी ‘फिफा’ आणि खेळाडूंची जागतिक संघटना ‘फिफप्रो’ यांनी मिळून सुमारे दोन कोटी संदेश तपासले आणि त्यांतील १९,६३६ शिवीगाळीचे किंवा धमकीचे ठरविले. यंत्र तेच, शब्द मोजण्याची युक्तीही जवळपास तीच. फरक एवढाच की येथे ते जाहिरातदाराच्या बाजूने न राहता खेळाडूच्या दारात राखणीला उभे केले होते.

आपल्याकडे २०१९ साली क्रिकेटपटूंची संघटना निघाली, ती निवृत्त खेळाडूंची. आज मैदानावर उतरणारा मुलगा शिव्यांचा भारा डोक्यावर घेऊन घरी जातो तेव्हा त्याच्या बरोबरीच्यांची संघटना त्याच्या मागे नसते. कर्णधार भला असेल तर तो बोलतो. नसेल तर कोणी बोलत नाही. हक्काचे संरक्षण कोणाच्या भलेपणावर सोडून चालत नाही, हे आम्हा कामगारांना फार पूर्वी कळले आहे.

आणखी एक फेरबदल ध्यानात ठेवण्यासारखा आहे. २०२३ साली ट्विटरचे नाव ‘एक्स’ झाले, आणि त्याच वर्षी अभ्यासकांना फुकट मिळणारी संदेशांची वाट बंद करून ती पैशाच्या फाटकाआड नेली गेली. ट्युरिंग इन्स्टिट्यूटने २०२२ साली केली तशी पाहणी आज करावयाची तर मोठा खर्च सोसावा लागतो. लोकांनी लिहिलेले शब्द, पण ते मोजण्याचा हक्क मात्र ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याचा. सार्वजनिक विहिरीवर कुलूप पडावे तसे हे झाले. ज्या नकाशांची आपण चिकित्सा करीत आहो ते यापुढे बहुतांशी खाजगी कचेऱ्यांत निघतील, आणि आपल्यापर्यंत त्यांचा फक्त रंग पोहोचेल, रीत पोहोचणार नाही.

म्हणून श्रोतेहो, उद्याच्या वर्तमानपत्रात किंवा पडद्यावर ‘देशाचा मूड’ म्हणून असा एखादा रंगीत नकाशा दिसला तर त्याला चार प्रश्न विचारावेत. यात लिहिणारे किती आणि न लिहिणारे किती? शब्द कोणी तोलले आणि कोणत्या भाषेच्या तराजूने? हा राग लोकांनी आणला की माध्यमाने पेटविला? आणि या रागाचा भार शेवटी कोणाच्या डोक्यावर पडला? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे विद्वानांनी द्यावीत. त्यांचे ते काम आहे. चौथ्याचे उत्तर आपल्या हाती आहे, कारण तो भार घालणारे आणि उतरविणारे दोन्ही हात आपलेच आहेत. सामना हरल्यावर रात्री साडेअकरा वाजता हातात यंत्र घेऊन बसलेल्या आपल्या मुलाला, भाच्याला, शेजाऱ्याच्या पोराला एवढे सांगता आले तरी पुरे की, तू जे लिहितो आहेस ते देशाला उद्देशून नाही; ते एका माणसाला जाते, आणि तो ते वाचतो.